पडलं आणि पाडलं

खिल्लारे मॅडम चिडल्या की आधी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, नीट गुंडाळून ठेवायच्या. तो टेबलावर आला की आम्ही सिस्टर लोक हातातलं काम घेऊन हळूच बाजूला सरकायचो. कारण आता डॉक्टर बोलणार नसायच्या, बोरी गावची शांता बोलणार असायची. एरवी त्या पुस्तकात असतं तसं स्वच्छ मराठी बोलायच्या. राग आला की गावाकडची बोली उसळून वर यायची. मग समोर सासू असो, सरपंच असो नाहीतर परभणीचा मोठा सर्जन असो, सगळ्यांच्या वाट्याला ती सारखीच यायची.

गंगाखेडला त्यांचं लहानसं प्रसूतिगृह होतं. खाली औषधाचं दुकान, वर मोजक्या खाटा, आणि जिन्यात चपलांचा ढीग. मी तिथं बरीच वर्षं नोकरी केली. लोक मला अजून विचारतात, "वंदनाताई, एवढ्या तापट बाईजवळ तुम्ही टिकलात कशा?" मला त्या प्रश्नाचाच राग येतो. आमच्याच रस्त्यावर एक डॉक्टर होते. ते बायकांच्या अंगावर खेकसायचे, बाळंतपणात मांडीवर चापट मारायचे. त्यांना गावानं नाव दिलं होतं 'शिस्तीचे डॉक्टर'. मॅडमना नाव पडलं 'भांडखोर डॉक्टरीण'. मॅडमनी आयुष्यात एकाही पेशंटला बोट लावून दुखवलं नाही.

त्यांचं भांडण असायचं शब्दांशी. हे कळायला मला थोडा वेळ लागला.

एकदा उसाच्या ट्रॅक्टरवरून एक तोडकरी बाई कळा देत आली. आधी कुठं तपासणी नाही, गोळ्या नाहीत, काही नाही. आमच्यातल्या एका नव्या सिस्टरनं आत जाऊन सांगितलं, "मॅडम, अनबुक्ड केस आलीय." मॅडम तडक बाईपाशी गेल्या. बाळंतपण झालं, वार पडली, बाळ रडलं, बाई हसली. मग मॅडमनी हात धुतले, टेबलापाशी आल्या आणि स्टेथोस्कोप काढला.

"अनबुक्ड म्हंजी काय गं? बाई काय लग्नाचा हॉल हाय का, आधी बुक कराया? ती फडावर कोयता चालवायली होती. तिला कुणी तपासलं न्हाई, ती चूक कुनाची? आन् नाव मात्र तिच्या कपाळावर!" सिस्टर रडकुंडीला आली. तेव्हा मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "जा, तिचं नाव विचारून ये. आपल्याकडं नावानं बोलायचं."

असे कितीतरी शब्द. पस्तिशीत पहिलटकरीण झालेल्या बाईच्या कागदावर 'एल्डरली' म्हणून लिहायची पद्धत होती. एल्डरली म्हणजे म्हातारी. एखादीच्या गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडतं, त्याला टाका घातला की बहुतेकदा निभावतं, पण त्या तोंडाला नाव काय, तर 'इनकॉम्पिटंट'. म्हणजे नालायक. कळा पुढं सरकल्या नाहीत, सिझर करावं लागलं, तर कारणाच्या जागी 'फेल्युअर'. मॅडम म्हणायच्या, "शाळेत नापास झाली म्हणून आईबाप पोरीचं लग्न लावून देतात, आणि इथं आली की आपण पुन्हा नापास करतो. किती वेळा नापास करायचं एका पोरीला?"

एक प्रसंग सांगते, तो आठवला की हसूही येतं. परभणीहून सोनोग्राफी करून आलेलं एक जोडपं होतं. तिथल्या डॉक्टरांनी घाईत सांगितलं होतं, की लिकर कमी आहे. बाळाभोवतीच्या पाण्याला डॉक्टर लोक लिकर म्हणतात. नवरा बिचारा दोन तास रेल्वे स्टेशनावर विचार करत बसला होता. आमच्याकडं येऊन खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, आमी माळकरी लोक. घरात दारूचा वास न्हाई. हिला लिकर कुठून पाजावं?" बायको पदरात तोंड लपवून रडत होती. तिला वाटलं होतं, आपल्या पोटात काहीतरी पाप सापडलं. मी तोंड फिरवून हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्या दोघांना बसवलं, स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, त्यात लिंबू सोडलं आणि दाखवलं, की बाळ असं तरंगत असतं, हे पाणी कमी झालंय, म्हणून दर आठवड्याला यायचं, आणि पोटातलं लेकरू हलायचं कमी झालं तर त्याच दिवशी यायचं. नवऱ्याचा चेहरा उजळला. "एवढंच मनायचं होतं व्हय?" तो म्हणाला.

"एवढंच म्हणायचं होतं," मॅडम म्हणाल्या. ते लोक गेल्यावर लिंबू उचलून त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीत असं फेकलं, की बादली कलंडून घरंगळत जिन्यापर्यंत गेली.

त्यांच्या घरच्या गोष्टी त्या सांगत नसत. नवरा परभणीला कृषी विद्यापीठात होता, मितभाषी माणूस, रविवारी यायचा आणि वॉर्डातल्या बायकांना बागेतले पेरू वाटायचा. वडील बोरीत दुसऱ्याच्या शेतात राबून पुढं शाळामास्तर झाले होते. एवढं आम्हाला ठाऊक होतं. एकदाच, चहा पिता पिता, त्या आपणहून बोलल्या होत्या. "आमच्या बापाच्या नावापुढं गावानं जे शब्द लावले होते ना वंदना, ते आजोबांनी धर्म बदलला, तरी लोकांच्या तोंडातून गेले नव्हते. आमचे वडील शाळेत शिकवायला उभे राहिले तरी मागच्या बाकावरून ते शब्द यायचे. शब्द चिकटला की कातडीसकट निघतो. आता मी डॉक्टर झाले, माझ्या हातात पेन आलंय. मी कुणाच्या पोरीला चिकटवू काय?" चहा संपला, विषय संपला. पुन्हा कधी त्यांनी तो काढला नाही.

आता सविताची गोष्ट. मॅडम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आधी सविताच येते.

नदीकाठच्या एका गावातून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी विशीतली, पांढरीफटक, चालताना भिंत धरणारी. आई म्हणाली, अशक्तपणा आहे, ताकदीचं काहीतरी द्या. मॅडमनी दंडाला बीपीचा पट्टा बांधायला बाही वर केली आणि थांबल्या. दंडावर काळेनिळे वळ होते. चामडी पट्ट्याचे.

"कुणी मारलं?"

मुलीनं बाही खाली ओढली. आई म्हणाली, "मालकानं. पर तेचं बी काय चुकलं मॅडम? पोरीनंच तसलं काम केलं."

"काय केलं?"

आईनं इकडंतिकडं पाहिलं, आवाज बारीक केला. "पाडलं."

मुलगी पहिल्यांदाच बोलली. ओरडलीच. "मी न्हाई पाडलं! माय, तुला कितींदा सांगू, मी न्हाई पाडलं! पडलं!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सविताला तिसरा महिना होता. रक्त जायला लागलं, सासूनं परभणीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं पिशवी साफ करून घरी पाठवलं. सोबत कार्ड दिलं. नवरा दत्ता कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, तो चार दिवसांनी घरी आला. घरात बीएस्सी झालेला चुलतभाऊ होता. त्यानं कार्ड वाचलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं 'इनकम्प्लीट अबॉर्शन'. भावानं अर्थ सांगितला, "अबॉर्शन केलंय वहिनीनं. अर्धवट राह्यलं, मनून दवाखान्यात नेलं." झालं. दत्तानं कमरेचा पट्टा काढला. सासू दवाखान्यात सोबत होती, रक्त तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण शिकलेल्या पोरानं कागदावरचं वाचल्यावर तिचाही विश्वास डळमळला. आपल्या मागं काही गोळ्या खाल्ल्या असतील, असं ती म्हणायला लागली. सविता माहेरी आली. माहेरच्यांनीही कागदच खरा मानला.

मॅडमनी ते कार्ड मागितलं, वाचलं, माझ्याकडं दिलं. मी वाचलं. त्यात चूक काहीच नव्हती. वैद्यकशास्त्रात गर्भ आपोआप पडला तरी तोच शब्द, कुणी पाडला तरी तोच शब्द.

"आपल्याकडं बघ," मॅडम माझ्याशी बोलत होत्या, पण नजर त्या वळांवर होती. "पडलं आणि पाडलं. एका कान्याचा फरक. अडाण्यातल्या अडाणी बाईला तो फरक कळतो, ती चुकून एकाच्या जागी दुसरा बोलत नाही. आणि आपण एवढे शिकलो, तो काना पुसून टाकला." स्टेथोस्कोप टेबलावर आला. "दवाखाना बंद कर. गाडी काढ मन रामभाऊला."

दुपारची वेळ होती. रामभाऊ ड्रायव्हरनं आम्हाला सविताच्या सासरच्या गावी पोचवलं तेव्हा दत्ताच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं आणि सासू, गयाबाई, सुपानं पाखडत होती. गाडी बघून माणसं जमली. दत्ता घरातून बाहेर आला, तो चुलतभाऊही आला. मॅडमना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"कागद कुनी वाचला?"

चुलतभाऊ पुढं झाला. "मी. बीएस्सी हाय मी."

"बीएस्सीला बाळंतपण असतं का रे विषय?" माणसं हसली. मॅडम त्यांच्याकडं वळल्या, "हसू नका. हसन्यासारखं काय झालं न्हाई इथं." मग त्या गयाबाईसमोर जाऊन उकिडव्या बसल्या, सोयाबीनच्या ढिगाशेजारी, साडीची पर्वा न करता. आवाज एकदम खाली आला.

"मावशी, तुमचं कधी पडलं होतं का?"

गयाबाईचं सूप थांबलं. एवढ्या माणसांत असला प्रश्न. तिनं पदर पुढं ओढला. मॅडम वाट बघत राहिल्या.

"दोन," गयाबाई शेवटी म्हणाली. "दत्ताच्या आधी दोन."

"तुमी पाडले का?"

म्हातारीनं झटक्यात मान वर केली. "काय बोलायलाव मॅडम! मी कामून पाडीन? नवसानं राह्यले होते. एक तर विहिरीवर पडलं, पानी शेंदताना. मी तितंच बसून..." ती थांबली.

"तुमाला कुनी कागद दिला न्हाई, ते तुमचं नशीब," मॅडम म्हणाल्या. "दिला असता तर त्या कागदावर हाच शब्द राह्यला असता. हाच. आन् तुमच्या मालकानं तुमाला असंच मारलं असतं."

गयाबाई सुपाकडं बघत राहिली. मग उठली. दत्ता दाराला टेकून उभा होता. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती त्याला मारेल असं मला वाटलं. तिनं मारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जोडे घाल. सुनंला आनाया जायचंय. तू न्हाई आलास तर मी एकटी जाते, आन् परत तुज्या घरी येत न्हाई."

दत्ता मुकाट्यानं जोडे घालायला लागला. मॅडम त्याच्याजवळ गेल्या. आता ह्याची खैर नाही, असं वाटलं. पण तोच आधी बोलला. मान वर न करता म्हणाला, "मला काय मालूम मॅडम. डॉक्टरनं लिवलं होतं."

मॅडम गाडीकडं वळल्या. गाडीत बसल्यावर, गाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "पट्टा काढला, त्याची माफी नाही. ती त्यानं सवितापाशी मागावी, माझ्यापाशी नाही. पण शेवटचं वाक्य खरं बोलला हरामखोर. लिहिलं डॉक्टरनंच होतं."

दत्तानं माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. सविता नांदायला गेली. पुढं तिला मुलगा झाला, आमच्याकडंच झाला. गयाबाई बाळंतविडा घेऊन आली तेव्हा तिनं मॅडमच्या पायावर डोकं ठेवायचा प्रयत्न केला आणि मॅडमनी तिला तशीच उठवली. सविता मात्र नवरा खाटेपाशी आला की चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. ते मी पाहिलं आहे. कागदावरच्या शब्दाचा अर्थ कळला म्हणून सगळं भरून आलं, असं मी कुणाला सांगणार नाही.

दत्ताच्या गावाहून आलो त्याच हिवाळ्यात परभणीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये डॉक्टरांची बैठक होती. बाहेरगावचे एक तज्ज्ञ बोलायला आले होते. मॅडमनी मला बरोबर नेलं. पडद्यावर चित्रं दाखवता दाखवता त्या तज्ज्ञांनी ज्यांचा गर्भ वारंवार पडतो अशा बायकांचा विषय काढला आणि त्यांच्यासाठी जुना शब्द वापरला, 'हॅबिच्युअल अबॉर्टर'. मॅडम उभ्या राहिल्या.

"सर, हॅबिट म्हणजे सवय. सवय तंबाखूची असते. लेकरू गमवायची सवय असते का?"

हॉलमध्ये हशा पिकला.

"मी विनोद केलेला नाही," मॅडम म्हणाल्या. हसू विरलं.

अध्यक्षस्थानी बसलेले वयस्कर डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, भाषा जुनी आहे, मान्य. नव्या पुस्तकांत हळूहळू बदलतेय. पण आपण आपसात बोलतो. पेशंटला थोडंच कळतं?"

"कळत नाही, म्हणूनच!" मॅडमचा आवाज चढला आणि बोरी वर आली. "तिला कळत न्हाई, मनून तिचा अर्थ दुसराच कुनीतरी लावतो. दीर लावतो, नवरा लावतो. मंग पट्टा निघतो. तिच्या दंडावरचे वळ मी पाह्यलेत, सर. ते कोणत्या भाषेत लिवलेत सांगा!" त्यांनी सविताची सगळी हकीगत सांगितली, नाव न घेता. मग सूत्रसंचालकांनी माईक हातात घेतला आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं.

मॅडम जेवल्या नाहीत. पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. मी पाण्याचा ग्लास आणला. तेवढ्यात एक मध्यमवयीन डॉक्टर बाहेर आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "मॅडम, ते कार्ड माझ्याच दवाखान्यातलं असावं. मी त्या बाईला चांगलं तपासलं होतं. पण मी चूक काय लिहिलं, ते खरंच सांगा."

"काहीच चूक लिहिलं नाही तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "रडू येतं ते त्याचंच."

त्यानंतर आमच्या कार्डावर त्या मराठीतही लिहायला लागल्या. 'गर्भ आपोआप पडला. या बाईचा काही दोष नाही.' विम्याच्या लोकांनी नाकं मुरडली, दुसऱ्या डॉक्टरांनी चेष्टा केली. मॅडम खाली सही आणखी मोठी करायच्या.

इथंच थांबले तर मॅडम नेहमी बरोबर असायच्या, असं वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या तोंडून गेलेला एक शब्द त्यांना आयुष्यभर टोचला.

त्या वर्षात लोक कमी यायला लागले होते. 'बाई लय बोलतात' अशी तक्रार होती. एका गरोदर मुलीनं घाबरून येणं सोडल्याचं कानावर आलं, तेव्हा मॅडमना लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं, आता जरा नरमाईनं बोलायचं. तेव्हाच रेखा आली. नवरा तहसीलमध्ये कारकून, दोघंही शिकलेले, नम्र. आठवा महिना होता. पायांवर सूज, बीपी चढलेलं, लघवीत प्रोटीन. मॅडमनी गोळ्या दिल्या, परभणीला जाऊन दाखल व्हायची चिठ्ठी दिली आणि हसून म्हणाल्या, "थोडा बीपी वाढलाय. घाबरू नका, पण आज-उद्या जाऊन या."

घरी ओटीभरणाचा कार्यक्रम ठरलेला होता. पाहुणे येऊन बसले होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं आणलेलं. रेखाचं डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "थोडाच वाढलाय म्हणाल्या ना मॅडम. उद्या सकाळी जाऊ." पाटावर बसल्या बसल्या तिला झटके आले. ओटीतल्या तांदळावर ती कोसळली, तशीच आमच्याकडं आणली. फुलांचे दागिने अंगावर तसेच होते. मॅडमनी आणि मी मिळून ते कात्रीनं कापले, इंजेक्शनं दिली, अँब्युलन्समध्ये मॅडम स्वतः बसून परभणीला गेल्या. रेखा वाचली. बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी नवरा चिठ्ठ्या घ्यायला आला. भांडला नाही, आवाज चढवला नाही. दारातच उभं राहून म्हणाला, "मॅडम, तुम्ही थोडा म्हणाला होतात."

एवढंच. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गेल्यावर मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभी होते. आत रडण्याचा आवाज नव्हता. त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, कुणाला तरी शिवी द्यावी तसा. थोडा. थोडा. थोडा.

बाहेर आल्या त्या जास्तच रागीट होऊन. नरमाई संपली. त्या दिवसापासून त्यांनी नवा नियम केला. स्वतः सांगून झालं की समोरच्याकडून वदवून घ्यायचं. "आता तू सांग, मी काय सांगितलं." बाईनं सांगितलं की सासूची पाळी, मग नवऱ्याची. सासवा लाजायच्या, नवरे वैतागायचे. "मॅडम, शाळा हाय का ही?" "शाळा नाही. शाळेत चुकलं तर मार्क जातात." बीपी वाढलेल्या बाईच्या घरच्यांना त्या स्पष्ट सांगायच्या, "हिला झटके येऊ शकतात. हिचा जीव जाऊ शकतो. बाळाचा जाऊ शकतो. आता तुमी मना." आणि त्या भल्या माणसांना ते वाक्य स्वतःच्या तोंडानं म्हणायला लावायच्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, फार कठोर होतं हे." त्या म्हणाल्या, "कठोर तो झटका होता, वंदना. मी त्याचं नाव सांगते फक्त."

लोक कमी होत गेले. गावात नवा दवाखाना झाला, काचेचा, गार हवेचा, स्वागताला गुलाबी साडीतल्या मुली. तिथं सगळे गोड बोलायचे. मॅडमकडं येत राहिल्या त्या बहुतेक उसाच्या फडावरच्या बायका, आणि ज्यांनी एकदा काही गमावलं होतं अशा. शेवटी गुडघे गेले, उभं राहून बाळंतपण करवेना, तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला आणि परभणीला नवऱ्याकडं राहायला गेल्या. मीही नोकरी सोडून मुलाकडं आले. फोन व्हायचे, मग कमी झाले.

मध्यंतरी सुनेला दिवस गेले म्हणून तिला घेऊन परभणीच्या एका सोनोग्राफी सेंटरला गेले होते. बाकांवर गर्दी. कोपऱ्यात पांढऱ्या केसांची एक बाई पोट धरून बसलेली दिसली. मॅडम. पित्ताशयात खडे झाले होते म्हणून तपासायला आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी उठून जाणार, एवढ्यात आतून एक मुलगी बाहेर आली, तिच्यामागून तरुण डॉक्टर. चालता चालताच त्या डॉक्टरबाईनं मुलीच्या आईला सांगितलं, "ब्लायटेड ओव्हम आहे. क्लीन करावं लागेल. काउंटरवर विचारा." आणि ती आत निघून गेली. मुलगी तिथंच उभी राहिली, हातात काळा कागद. आई म्हणाली, "काय मनली गं? घान हाय मनली का पोटात?"

मॅडम उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, थांबून, पुन्हा उठल्या. गळ्यात काढून ठेवायला आता काही नव्हतं. त्यांनी डॉक्टरच्या खोलीचं दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. दाराला काच होती. ऐकू काही येत नव्हतं. त्यांचा हात वर होत होता, बाहेरच्या बाकाकडं दाखवत होता. तरुण डॉक्टर आधी खुर्चीत मागं रेलून बसली होती. मग सरळ झाली. मग उभी राहिली.

दार उघडलं. डॉक्टर एकटी बाहेर आली, त्या मुलीपाशी गेली, तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. अडखळत बोलत होती. शब्द शोधत होती. "पिशवी तयार झाली होती गं... पण आत बाळ तयारच झालं नाही. असं होतं कधी कधी. पुढच्या वेळी नीट होऊ शकतं." मुलीनं विचारलं, "मंग माजं काय चुकलं मॅडम? मी दळन आनलं होतं डोक्यावर."

"काहीच नाही चुकलं," डॉक्टर म्हणाली. "दळणानं काही झालं नाही. तुझं काहीच चुकलं नाही."

मुलगी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. डॉक्टर गोंधळली, पण उठली नाही.

मी मॅडमना शोधलं. त्या केव्हातरी बाहेर येऊन आमच्याकडं पाठ करून भिंतीला लावलेल्या पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी उभ्या होत्या. हातातली बाटली केव्हाच भरली होती. पाणी त्यांच्या बोटांवरून, चपलांवरून फरशीवर वाहत होतं. खांदे ताठ होते. तेवढ्यात आतून सुनेच्या नावाचा पुकारा झाला. मला उठावं लागलं. दाराशी वळून पाहिलं, तेव्हाही त्यांनी नळ बंद केला नव्हता.